कै. यशवंतराव चव्हाण: सैन्य आणि प्रजा

ऑगस्ट 2019 मध्यें कृष्णेला जो महापूर आला, तो आमच्या वाचकांपैकीं वडील मंडळींस चांगलाच स्मरत असेल, आणि वरच्या वर्गांतील मुलांमुलींसहि अंधुक कां होईना आठवत असेल. सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं 45 फूट ही धोक्याची पातळी. पाणी 57 फुटांपर्यंत चढलें. ज्या गल्ल्यांतून आपण रोज सायकलीवरून शाळेस जातों, त्या गल्ल्यांतून होड्या फिरूं लागल्या, आणि त्या होड्यांतून लष्कराचे व नौदलाचे जवान म्हाताऱ्यांना, बाळंतिणींना व आजाऱ्यांना उचलून कोरड्या जागीं आणूं लागले. त्या दिवसांत एका लहान मुलानें मला विचारलें कीं, शिपायाचें काम तर सरहद्दीवर असतें, मग हे लोक आपल्या दाराशीं कसे आले, आणि त्यांना बोलाविलें कोणीं? प्रश्न साधा होता. पण त्याचें उत्तर देतां देतां मला आपल्याच मुलखांतील एका पुरुषाचें सारें चरित्र सांगावें लागलें. तेंच आज येथें लिहीत आहें.

यशवंतराव बळवंतराव चव्हाण यांचा जन्म 12 मार्च 1913 रोजीं देवराष्ट्रें या गांवीं, त्यांच्या आजोळीं झाला. त्या वेळीं हें गांव सातारा जिल्ह्यांत मोडत असे. पुढें 1949 सालीं या जिल्ह्याचे दोन भाग झाले, दक्षिण सातारा हा नवा जिल्हा निघाला, व 1960 सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. त्यामुळें सातारकर व सांगलीकर दोघेहि यशवंतरावांस आपले म्हणतात, आणि दोघांचेंहि म्हणणें खरें आहे. वडील कराड येथें कोर्टांत बेलिफ होते. प्लेगच्या सांथींत ते वारले, तेव्हां यशवंत अगदीं लहान होता. घरांत जमीनजुमला बेताचा, आणि पदरीं लहान मुलें. अशा स्थितींत मातोश्री विठाबाई यांनीं धीर सोडला नाहीं. त्यांस लिहितां वाचतां येत नव्हतें, परंतु मुलांनीं शिकलेंच पाहिजे हा त्यांचा निश्चय होता. थोरले बंधु ज्ञानोबा यांनीं लौकरच नोकरी धरली, मधले गणपतराव यांनींहि संसारास हातभार लावला, आणि धाकट्याचें शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलांत चालूं राहिलें.

शाळेंत असतांनाच यशवंतरावांच्या मनानें स्वराज्याच्या चळवळीचा ध्यास घेतला. 1932 सालीं झेंडावंदनाच्या खटल्यांत त्यांस अठरा महिन्यांची शिक्षा झाली. ज्या वयांत आमचे विद्यार्थी मॅट्रिकच्या परीक्षेची चिंता करीत, त्या वयांत हा मुलगा येरवडा व विसापूर येथील तुरुंगांत होता. मात्र तुरुंग हीच त्याची मोठी पाठशाळा झाली. तेथें निरनिराळ्या मतांचे विद्वान राजबंदी होते. त्यांचे वादविवाद ऐकून व मिळतील तीं पुस्तकें वाचून त्यानें आपली बुद्धि घांसून घेतली. सुटून आल्यावर मॅट्रिक, मग कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांतून 1938 मध्यें बी. ए., पुढें 1941 मध्यें एल्एल्. बी., आणि कराड येथें वकिली, असा क्रम झाला.

येथें आपल्या प्रांताविषयीं एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीं तर पुढील हकिकतीचें मर्म ध्यानीं येणार नाहीं. सातारा हा शिपाईगड्यांचा जिल्हा. सातारा तालुक्यांतील अपशिंगें या एका गांवचे 46 जवान पहिल्या महायुद्धांत पडले, आणि तें गांव आजहि अपशिंगें मिलिटरी याच नांवानें ओळखलें जातें. मराठा पलटणींत भरती होणें हा येथील कित्येक घराण्यांचा परंपरेचा धंदा. तेव्हां ज्या गांवांतून स्वराज्यासाठीं प्रभातफेऱ्या निघत, त्याच गांवांतील तरुण सरकारच्या फौजेंतहि होते. बंदूक कोणाच्या हुकुमानें उचलावयाची व कोणावर उचलावयाची, हा प्रश्न आमच्या जिल्ह्यांत पुस्तकी नव्हता. तो घरोघरचा होता.

1942 सालीं तो प्रश्न रस्त्यावर आला. त्या वर्षीं 2 जून रोजीं फलटणच्या वेणूताई यांच्याशीं यशवंतरावांचा विवाह झाला. पुरते तीन महिने लोटले नाहींत तोंच छोडो भारत चळवळ सुरू होऊन ते भूमिगत झाले. तालुक्यातालुक्यांच्या कचेऱ्यांवर लोकांचे मोर्चे निघाले. कराड व तासगांव येथील मोर्चे शांततेनें पार पडले. परंतु 9 सप्टेंबरला वडूज येथें आणि दुसऱ्याच दिवशीं इस्लामपूर येथें निःशस्त्र लोकांवर सशस्त्र पोलिसांनीं गोळ्या झाडल्या व माणसें मेलीं. ज्यांनीं गोळ्या झाडल्या त्यांचा पगार ज्या तिजोरींतून निघे, तिच्यांत मरणाऱ्यांनीं भरलेला शेतसारा होता. पुढें क्रांतिसिंह नाना पाटील यांचें प्रतिसरकार ज्या भूमींत रुजलें, ती भूमि अशा रीतीनें तयार झाली. यशवंतराव हे या भूमिगत कार्याच्या आरंभींच्या जुळवाजुळवींत प्रमुख होते. ते सांपडेनात म्हणून घरच्या माणसांवर संकट आलें. नवपरिणीत वेणूताईंस तुरुंगांत जावें लागलें, आणि त्यांची प्रकृति जी ढांसळली ती पुढें कधीं पुरती सुधारली नाहीं. 1943 मध्यें पत्नी आजारी असल्याचें कळल्यावर यशवंतराव फलटणास तिला भेटावयास गेले, व तेथेंच पकडले गेले.

हा सारा इतिहास मीं मुद्दाम लांबविला, कारण हाच मनुष्य पुढें वीस वर्षांच्या आंत भारताच्या सर्व सैन्याचा मंत्री व त्यानंतर देशाच्या अंतर्गत शांततेचा मंत्री व्हावयाचा होता. ज्यानें बंदुकीचें तोंड समोरून पाहिलें आहे, त्याच्या हातीं बंदुकीचा हुकूम आल्यावर तो काय करतो, हें पाहण्यासारखें आहे.

1946 सालीं ते मुंबई विधानसभेवर निवडून आले आणि गृहखात्याचे पार्लमेंटरी सेक्रेटरी झाले. गृहमंत्री मोरारजी देसाई होते. देशांत जातीय दंगली पेटल्या होत्या, आणि प्रत्येक वेळीं लष्कर बोलावणें इष्ट नव्हतें व शक्यहि नव्हतें. म्हणून त्या वर्षाच्या डिसेंबरांत मुंबई येथें होमगार्ड नांवाचें नागरिकांचें स्वयंसेवक दल उभें करण्यांत आलें. दिवसां आपला कामधंदा करणारा कारकून, कामगार किंवा शिक्षक अडचणीच्या वेळीं गणवेश चढवून पोलिसांच्या मदतीस येतो, आग विझवितो, जखमींस उचलतो, आणि काम झालें कीं पुनः आपल्या घरीं जातो, अशी ही योजना. ती यशवंतरावांची नव्हे, मोरारजींची. परंतु शिपाई व नागरिक यांच्यामध्यें आणखी एक पायरी असूं शकते, हा धडा तरुण सेक्रेटरीनें त्या खात्यांत जवळून पाहिला.

त्या पायरीची किती आवश्यकता होती, तें 1948 सालीं आमच्याच भागानें दाखविलें. महात्माजींच्या वधानंतर सातारा, सांगली व कोल्हापूर या भागांत जमावांनीं निरपराध ब्राह्मण कुटुंबांचीं घरें जाळलीं. ही गोष्ट सांगावयास लाज वाटते, पण चरित्र सांगतांना ती वगळून चालावयाचें नाहीं. प्रत्येक वेळीं शत्रु सरहद्दीपलीकडूनच येतो असें नाहीं. एखाद्या रात्रीं तो शेजारच्या आळींतून मशाल घेऊन येतो, आणि त्या रात्रीं दुर्बळाचें रक्षण करील असें कोणी तरी लागतें.

1 नोव्हेंबर 1956 रोजीं यशवंतराव द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. संयुक्त महाराष्ट्रासाठीं झालेल्या आंदोलनांत शंभराहून अधिक माणसें त्यापूर्वींच गोळीबारांत बळी पडलीं होतीं, आणि त्या काळांत यशवंतरावांनीं पक्षशिस्त धरली म्हणून लोकांचा त्यांच्यावर मोठा रोष होता. तो सर्वस्वीं अन्यायाचा होता असें मला म्हणवत नाहीं. पण सत्ता हातीं आल्यावर त्यांनीं काय केलें तेंहि पाहावें. 30 नोव्हेंबर 1957 रोजीं प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचें अनावरण करण्यास पंडित नेहरू आले, तेव्हां वांई व पसरणीच्या घाटांत हजारों लोक काळीं निशाणें घेऊन उभे राहिले. एक दगड किंवा एक गोळी सुटती तर त्या अरुंद घाटांत अनर्थ झाला असता. परंतु विरोधी पुढाऱ्यांनीं संयम राखला, सरकारनेंहि राखला, आणि निदर्शनें होऊन लोक सुखरूप घरीं परतले. 1 मे 1960 रोजीं महाराष्ट्र राज्य झालें व यशवंतराव त्याचे पहिले मुख्यमंत्री झाले.

1961 सालच्या जूनच्या 23 तारखेस सातारा येथें सैनिक स्कूल सुरू झालें. देशांतील या प्रकारची ही पहिलीच शाळा. शेतकऱ्याच्या मुलानें केवळ शिपाईच कां व्हावें, अधिकारी कां होऊं नये, असा विचार तिच्या मुळाशीं होता. शाळा सुरू होऊन तीन आठवडेहि झाले नाहींत तों पानशेतचा प्रलय झाला.

पानशेतचें धरण पुण्याच्या वरच्या अंगास आंबी नदीवर मातीचें बांधलें जात होतें. काम पुरें झालेलें नसतांना त्या पावसाळ्यांत तें भरूं लागलें. पाणी सोडण्याच्या मोरीच्या वरचा मातीचा बांध खचूं लागला. 11 जुलैच्या रात्रीं पावसाची झड, अंधार, पायाखालीं चिखल, आणि एका बाजूस चढतें पाणी अशा स्थितींत लष्कराचे जवान त्या खचणाऱ्या बांधावर उभे राहून वाळूचीं पोतीं रचीत होते. एक हजारावर पोतीं त्यांनीं रचलीं. धरण फुटणार हें जवळजवळ ठरलेलेंच होतें. प्रश्न एवढाच होता कीं केव्हां. मध्यरात्रीं फुटतें तर झोंपलेलें पुणें झोंपेंतच बुडालें असतें. जवानांनीं रात्र रोखून धरली. 12 जुलैच्या सकाळीं बांध फुटला, तेव्हां उजाडलें होतें. त्या लोंढ्यापुढें खाली असलेलें खडकवासल्याचें जुनें दगडी धरणहि टिकलें नाहीं, आणि मुठेच्या कांठच्या पेठांतून पाणी माड्यांपर्यंत चढलें.

मुलांनो, या प्रसंगाचा नीट विचार करा. त्या रात्रीं जवानांनीं कोणावरहि शस्त्र उगारलें नाहीं. त्यांनीं जें मिळविलें तें कांहीं तासांचें अवकाश. परंतु त्या तासांचा उपयोग करून घेण्याचें काम त्यांचें नव्हतें. तें मुलकी अधिकाऱ्यांचें होतें. त्या बाबतींत मात्र मोठी उणीव राहिली. नदीकांठच्या पुष्कळ लोकांना अखेरपर्यंत पुरती सूचना मिळाली नाहीं, आणि कित्येक माणसें प्राणांस मुकलीं. राज्याचे मुख्य या नात्यानें या उणिवेची जबाबदारी यशवंतरावांकडेहि जाते, व थोर पुरुषाचें चरित्र लिहितांना ती झांकून ठेवणें हें त्याच्याशीं इमान राखणें नव्हे. सैन्य कितीहि शूर असलें तरी तें मुलकी कारभाराच्या दिरंगाईची भरपाई करूं शकत नाहीं.

पुरानंतर यशवंतरावांनीं जें केलें तें मात्र चोख होतें. खडकवासलें गेल्यामुळें साऱ्या शहराचें पिण्याचें पाणी तुटलें होतें. हजारों कुटुंबें उघड्यावर आलीं होतीं. त्यांनीं पुनर्वसनाचें सर्व काम स. गो. बर्वे या कर्तबगार माणसाच्या हातीं सोंपविलें व त्यांस पूर्ण अधिकार दिला. लष्कर संकटाच्या घटकेस आलें. घरें बांधणें, पाणी आणणें व माणसें वसविणें हें दीर्घ काम मुलकी हातांनींच झालें. ही वांटणी अगदीं योग्य होती. जवान कायमचेच आपल्या चौकांत उभे राहिले, तर कारभारी आळशी होतात आणि लोक भित्रे होतात.

आतां त्या लहान मुलाच्या प्रश्नाकडे येऊं. जवानांना बोलावतो कोण? आपल्या देशांत सैन्य आपण होऊन गांवांत येत नाहीं. 1898 च्या फौजदारी कायद्यापासून नियम असा चालत आला आहे कीं, जमाव पोलिसांना आवरेनासा झाला तरच मॅजिस्ट्रेटनें लष्कराची मदत मागावी. मदत मागितल्यावर ती कशा रीतीनें द्यावयाची हें लष्करी अधिकारी ठरवितो. पण त्यानें होईल तितकें कमी बळ वापरावें, व माणसांस आणि मालमत्तेस होईल तितकी कमी इजा करावी, असें कायदा त्यास बजावतो. पूर, भूकंप, वादळ अशा वेळींहि मुलकी अधिकाऱ्याच्या मागणीवरूनच जवान येतात, आणि गरज सरतांच परत जातात. शुभवर्तमानांत कफर्णहूमच्या ज्या शताधिपतीची कथा आपण वाचतों, त्याला हें मर्म कळलें होतें. त्याच्या शब्दासरशीं शिपाई हालत, कारण तो स्वतः दुसऱ्याच्या आज्ञेंत वागत असे. आज्ञेंत नसलेला शस्त्रधारी कितीहि शूर असो, तो शिपाई नव्हे.

1962 च्या ऑक्टोबरांत चीननें हिमालयांत हल्ला केला. आपल्या सैन्यावर नामुष्कीचा प्रसंग आला, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांस जावें लागलें, आणि पंडितजींनीं यशवंतरावांस दिल्लीस बोलाविलें. 21 नोव्हेंबर रोजीं त्यांनीं संरक्षण खात्याची शपथ घेतली. हिमालयाच्या हांकेस सह्याद्रि धांवला, असें महाराष्ट्रांत सर्वांच्या तोंडीं झालें. पण नव्या मंत्र्यास भाषणांपेक्षां निराळेंच काम करावयाचें होतें. सेनापति व मंत्री यांच्यांतील विश्वास उडाला होता. यशवंतरावांनीं तिन्ही दलांच्या प्रमुखांशीं नित्य सकाळीं भेटण्याचा प्रघात पाडला. ते ऐकून घेत. युद्धकलेंतील गोष्टी ज्यांच्या त्यांच्याकडे सोंपवीत, आणि धोरणाचा निर्णय स्वतः घेऊन त्याची जोखीम स्वतः उचलीत. सैन्याची संख्या 8,25,000 पर्यंत व विमानदल 45 तुकड्यांपर्यंत नेण्याची योजना झाली, डोंगरी लढाईच्या खास पलटणी तयार झाल्या. 1963 पासून कांहीं वर्षें कॉलेजांतील विद्यार्थ्यांस एन्. सी. सी. सक्तीची झाली. आपल्यापैकीं कित्येकांच्या आजोबांनीं त्या वेळीं पहाटे उठून कवाईत केली असेल.

या घडीची परीक्षा 1 सप्टेंबर 1965 रोजीं झाली. पाकिस्ताननें छांबच्या बाजूस रणगाड्यांचा मोठा हल्ला चढविला. दुपारीं सरसेनापति जनरल चौधरी व विमानदलाचे प्रमुख अर्जनसिंग यशवंतरावांकडे आले व विमानें वापरण्याची परवानगी त्यांनीं मागितली. विमानदल रणांत उतरविणें म्हणजे लढाईचें रूपच पालटणें. इतका मोठा निर्णय, आणि विचारविनिमयास वेळ नाहीं. यशवंतरावांनीं कांहीं मिनिटांत होकार दिला, व त्याच संध्याकाळीं पठाणकोटहून विमानें उडालीं. पानशेतच्या रात्रीं जें मुलकी सत्तेला साधलें नव्हतें, तें येथें साधलें. शिपायानें वेळेवर विचारलें आणि अधिकाऱ्यानें वेळेवर उत्तर दिलें.

त्या युद्धानें आणखी एक गोष्ट शिकविली. कच्छच्या रणांत त्याच वर्षीं एप्रिलमध्यें हल्ला झाला, तेव्हां सरहद्दीच्या चौक्या पोलिसांच्या भरंवशावर होत्या. शांततेच्या काळांत सीमेवर पोलिस अपुरे, आणि सर्वत्र सैन्य ठेवणें हें डोईजड. म्हणून 1 डिसेंबर 1965 रोजीं सीमा सुरक्षा दल स्थापन झालें, व तें गृहखात्याच्या हाताखालीं ठेवण्यांत आलें. पुढें एका वर्षाच्या आंतच तें गृहखातें यशवंतरावांकडे आलें.

दिल्लींत 7 नोव्हेंबर 1966 रोजीं गोवधबंदीच्या मागणीसाठीं जमलेला जमाव पार्लमेंटवर चालून गेला, गोळीबार झाला व गृहमंत्री गुलझारीलाल नंदा यांस जावें लागलें. त्यांच्या जागीं 14 नोव्हेंबरला यशवंतराव आले. आतां शत्रु समोर नव्हता. समोर होते ते आपलेच लोक. माझ्या मतें त्यांच्या आयुष्यांतील हें सर्वांत अवघड काम होय, आणि या कामांत त्यांस निर्भेळ यश आलें असें नाहीं. 1968 च्या सप्टेंबरांत केंद्र सरकारच्या नोकरांनीं एक दिवसाचा संप पुकारला, तेव्हां सरकारनें वटहुकूम काढून तो बेकायदा ठरविला. कांहीं ठिकाणीं गोळीबार होऊन कर्मचारी मेले. वडूज व इस्लामपूर ज्यानें पाहिलें त्याच्या कारकीर्दींत हें घडावें, याचें दुःख त्यांच्या चाहत्यांसहि झालें असेल.

परंतु त्याच वर्षीं त्यांच्या खात्यानें दोन कायदे करून घेतले, ज्यांची आठवण फारशी कोणी करीत नाहीं. एक नागरी संरक्षणाचा. हवाई हल्ला झाल्यास नागरिकांनींच आग विझवावी, जखमींची शुश्रूषा करावी, ढिगाऱ्याखालून माणसें काढावींत, यासाठीं गांवोगांव शिकविलेलीं दलें असावींत, असा त्याचा हेतु. दुसरा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा; सरकारी कारखान्यांच्या राखणीसाठीं हें दल 1969 च्या मार्चमध्यें उभें राहिलें. सीमेवर एक दल, कारखान्यांवर दुसरें, गांवांत होमगार्ड व नागरी संरक्षणाचे स्वयंसेवक, त्यांच्या जोडीला पोलिस, आणि या सर्वांच्या मागें, अगदीं अखेरचा आधार म्हणून, सैन्य. या मधल्या पायऱ्या भक्कम असल्या म्हणजे लष्कर बोलाविण्याची वेळ क्वचित् येते. त्या ढांसळल्या म्हणजे काय होतें तें 1969 च्या सप्टेंबरांत अहमदाबाद येथें दिसलें. दंगल आवरेना, शेवटीं लष्कर आलें. तोंवर शेंकडों माणसें मेलीं होतीं.

दरम्यान त्यांच्या स्वतःच्या जिल्ह्यावर संकट कोसळलें होतें. 11 डिसेंबर 1967 रोजीं पहाटे साडेचारच्या आधीं कोयनेच्या खोऱ्यांत भयंकर भूकंप झाला. कोयनानगरचीं घरें निजलेल्या माणसांवर पडलीं. सुमारें 180 माणसें मेलीं व दोन हजारांवर जखमी झालीं. मुंबईची वीज गेली. धरणास तडे गेले, पण तें उभें राहिलें. तें फुटतें तर पाटण व कराडच नव्हे, तर खालीं सांगलीपर्यंत काय झालें असतें याची कल्पनाहि करवत नाहीं. भारताच्या गृहमंत्र्याचें घर कराडास होतें, म्हणजे त्याच नदीच्या कांठीं. अशा वेळीं ढिगाऱ्याखालच्या माणसाजवळ पहिल्यानें पोंचतो तो शेजारी. पलटण कितीहि जलद निघाली तरी घाट चढून येण्यास तिला वेळ लागतो. त्या शेजाऱ्यास जखमेवर पट्टी बांधतां यावी, तुळई कशी उचलावी हें ठाऊक असावें, याकरितां पांच महिन्यांनीं झालेला नागरी संरक्षणाचा कायदा मला महत्त्वाचा वाटतो. मूळचा तो युद्धासाठीं होता; आपत्तीच्या कामाचा त्यांत स्पष्ट समावेश पुष्कळ वर्षांनीं झाला. आज पुराच्या वेळीं जें राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दल नारिंगी पोषाखांत आपल्याकडे येतें, तें 2005 च्या कायद्यानंतर उभारलेलें. 1993 च्या किल्लारीच्या भूकंपांत असें दल नव्हतें, आणि ढिगारे उपसण्याचा फार मोठा भार जवानांवरच पडला होता.

1970 नंतर यशवंतराव अर्थमंत्री, मग परराष्ट्रमंत्री, व 1979 सालीं कांहीं काळ उपपंतप्रधान झाले. राजकारणांतील त्यांचे पुढील दिवस फारसे सुखाचे गेले नाहींत. 1 जून 1983 रोजीं वेणूताई वारल्या. मूलबाळ नव्हतें, बेचाळीस सालापासून ज्या माणसानें त्यांच्यासाठीं सर्व कांहीं सोसलें, तें माणूस गेल्यावर ते मनानें खचले. त्या काळांत त्यांनीं आपल्या पूर्वायुष्याचें जें पुस्तक लिहिलें त्यास कृष्णाकांठ हें नांव दिलें. 25 नोव्हेंबर 1984 रोजीं दिल्ली येथें त्यांचें निधन झालें.

देह कराडास आणण्यांत आला. जेथें कोयना कृष्णेस येऊन मिळते, त्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधि आहे. कराडची सहल निघाली म्हणजे मुलें तेथें जातात, बागेंत खेळतात, व शिक्षक त्यांस समाधीजवळ नेऊन उभें करतात. कोयना तेथें समोरून येते ती भूकंपाच्या खोऱ्यांतून, आणि पुढें दोन्ही नद्यांचें पाणी एक होऊन सांगलीकडे जातें. गेल्या खेपेस त्या लहान मुलानें मला तेथें पुनः एक प्रश्न विचारला, कीं पुराच्या होडींतले ते जवान आतां कोठें असतील. मीं सांगितलें कीं ते आपल्या छावणींत परत गेले.